पेटीच्या माइकमध्ये

देवासहून मुलगा येणार आहे रविवारी,
मशीन न्यायला.
फोनवर म्हणाला, अंकल, तिची खरखर तशीच राहू द्या,
साफसूफ करू नका.

खरखर.
तीस वर्षं मी तिच्याशी भांडलो,
स्पिरिटमध्ये कापूस बुडवून हेड पुसत,
रामबागेतल्या या नऊ बाय दहाच्या खोलीत
भिंतींना गाद्या टांगून, पंखा बंद करून,
खालच्या गिरणीत वीज नसेल ती वेळ साधून.
आता तीच विकली जाते. यंत्रापेक्षा महाग.

लॅपटॉप अद्वयने बसवून दिला, पुतण्याने.
एक वायर, तळहाताएवढा डबा
आणि पडद्यावर ट्रॅक, हवेत तितके.
तितके म्हणजे किती?
तो हसला. काका, संपत नाहीत.

माझे चारच होते.
चार ट्रॅकवर मी अख्खं सियागंज वाजवलं:
हिंग, पापड, छत्र्या, बाळंतिणीचे लाडू,
टेम्पोवरच्या भोंग्यातून थेट मल्हारगंजपर्यंत.
तीन भरले की तिन्ही चौथ्यात ओतायचे,
मग मागे फिरणं नाही.
ढोलक मोठा झाला तर झाला.
आमटीत पडलेलं मीठ.

पहिल्या दिवशी पेटी धरली
तर सूर कानात उशिरा आला, जरासाच,
जसं पलीकडच्या खोलीत कुणी माझी नक्कल करतंय.
अद्वयने कसलासा आकडा उतरवला,
पाचशे बाराचे एकशे अठ्ठावीस.
नक्कल करणारा जवळ सरकला,
मग माझ्यातच येऊन बसला.

जुन्या टेपा आत घ्यायच्या
तर तासाच्या टेपेला तासच लागतो.
हे एक बरं आहे. इथे पोराचीही घाई चालत नाही.
आम्ही दोघं शेव खात बसतो,
हिरव्या रेघा उठताना बघत.

डब्यावर माझंच अक्षर: कस्तूरचंद छत्रीवाले, ९३.
एकवर पेटी. दोनवर क्लॅरिनेट.
अद्वयने दोन बंद केला, पेटी एकटी ठेवली,
कान लावला.
काका, हिच्या आत कुणीतरी गातंय.

यामिनी बिडवई.
टेलिफोन एक्स्चेंजमधून सुटून यायची,
पर्समध्ये लवंगांची पुडी.
एकच खोली, दोन माइक.
पेटीचा माइक तिचंही ऐकत होता,
मला कुठे माहीत.
शेठ म्हणाला, भिया, आवाज मोटी लग री है,
इसकी जगे कुछ बजा दो.
ट्रॅक चारच. मी दोन पुसला.
तिला सांगितलं, जाहिरातच रद्द झाली.
टेम्पो तिच्या एक्स्चेंजसमोरूनच जायचा.
तिने कधी विचारलं नाही.
पुढे जबलपूरला बदली झाली एवढं कळलं.

आवाज स्वच्छ करू? अद्वय म्हणाला.
दोन सेकंद नुसती शांतता दाखवायची,
काय नको ते यंत्र त्यावरून शिकतं.
त्याने शेवट निवडला,
पेटीचा भाता मिटल्यानंतरचा.

तिथे ती. रजईखालून बोलावं तशी:
परत घेऊ का? दुसऱ्या ओळीला मी जरा…
आणि मी. अगदी माइकपाशी, खणखणीत, सदतीस वर्षांचा:
नको नको. झकास झालं.

अद्वयचा बाण पडद्यावर थांबलेला.
हे शांततेत धरायचं का, काका?

मी म्हटलं, चहा टाक.

मशीनच्या लाल बटणाचं टोपण कधीच हरवलंय,
तिथे मी शर्टाचं एक बटण चिकटवलं होतं.
देवासच्या मुलाला तेवढं सांगायला हवं,
हलकं बोट लागलं
तरी ते दाबलं जातं.