जिचं पत्र तिनंच काढायचं

नियम थोराने घातला, अठ्ठावन सालच्या मे महिन्यात,
वसतिगृहाच्या पायरीवर, ट्रंकेवर बसून:
एकच पाकीट. सात जणी. ठरलेला क्रम.
आलं की सगळ्यांची वाचायची,
आपलं जुनं काढायचं, नवं घालायचं,
पंधरा दिवसांत पुढे धाडायचं.
आणि जिचं पत्र तिनंच काढायचं,
दुसरीने हात लावायचा नाही.

आम्ही हसलो होतो.
फार तर वर्षभर टिकेल म्हणालो.

अजून ते मायनॉटहून निघतं, बेमिजीला जातं,
तिथून हावरला, मग पार उलटं डेलोरिसकडे,
जिच्या गावातलं पोस्ट बंद पडलं
पण डेलोरिस चालू आहे.
पासष्ट वर्षं तिचं एकच पत्र:
पाऊस किती इंच, गहू किती बुशेल,
आणि शेवटच्या ओळीत, घाईघाईत,
कोण जन्मलं, कोण गेलं.
धाकट्याचा हात कंबाइनमध्ये गेल्याचं
आम्हाला जवसाच्या भावानंतर कळलं.

लव्हॉनने नवरा सोडून गेल्याचं
दोन खेपा सांगितलंच नाही.
‘वॉल्टर मजेत आहे’ लिहायची.
आता वाटतं, असेलच की तो मजेत.
एक अक्षर खोटं नव्हतं त्यात.

मी चाळीस वर्षं चौथीला शिकवलं.
लग्न केलं नाही, हे दर खेपेला
नव्या शब्दांत लिहावं लागत नाही, एवढं बरं.
एकदा मात्र, चौऱ्याहत्तर साली,
एका माणसाबद्दल पाच पानं लिहिली होती.
आठ महिन्यांनी पाकीट फिरून आलं,
गाभण गाईसारखं फुगलेलं,
सहा जणींचे सहा सल्ले पोटात घेऊन.
तो माणूस एव्हाना अलास्काला गेला होता.

थोरा गेली तेव्हा तिच्या नवऱ्याने
तिचं पत्र काढून ठेवून घेतलं.
चुकलंच त्याचं. पण त्याला नियम कुठे ठाऊक.

आर्डिस गेली तीन वर्षांपूर्वी.
पाकीट तेव्हा व्हर्नाकडे होतं.
व्हर्नाने ते पत्र हातात घेतलं असणार,
परत ठेवलं असणार.
पुढे लव्हॉननेही तेच केलं. मीही.
त्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही.

म्हणून आर्डिस अजून येते,
निळ्या शाईत, घड्यांवर विरत चाललेली.
टोमॅटो हिरवेच आहेत म्हणते.
मंगळवारी डॉक्टरकडे जायचंय, विशेष काही नाही म्हणते.
पुतणीच्या लग्नाला कुठला कोट घालू विचारते.
मागच्या खेपेला डेलोरिसने,
पावसाचे इंच मोजून झाल्यावर, तळाशी लिहिलं होतं:
‘आर्डिस, करडा घाल.’

इमोजीन हल्ली कोरा कागद घालते.
नीट चौघडी करून.
दर वेळी जुना कोरा काढते, नवा कोरा घालते.
तिचं तिनं. बरोबर नियमाप्रमाणे.

आज पाकीट माझ्याकडे आहे. तेरावा दिवस.
खिडकीबाहेर बर्फ वितळायला लागलंय,
अंगणात मागच्या वर्षीचा एक मोजा उघडा पडलाय.
लिहायला बसले आणि पेन अडलं.
हेच, समजा, राहून जाणारं असलं तर?
फिरत राहायचंच असेल मला
बेमिजी, हावर, डेलोरिसचं पोस्ट नसलेलं गाव,
तर जरा बरं काहीतरी सांगावं.
चांगल्या अक्षरात.
चौथीच्या पोरांना फळ्यावर लिहून द्यायचे तसं.

तीन कागद फाडले.

मग लिहिलं:
तळघरात पुन्हा पाणी शिरलं.
पंपवाला गुरुवारी येतो म्हणालाय.
बघू.