छताचं माप

अल-खूदच्या या गल्लीत
दुपारी बाराला कुणी नसतं.
मी असतो, आणि शिडी धरून मोफिझुल.

काम सोपं. छत मोजायचं,
टाकी, डिश, एसीची बाहेरची धुडं वजा करायची,
उरलेल्या जागेत किती ऊन मावतं ते लिहायचं.

ऊन मावतं! ऐकायला बरं वाटतं.
वर पाय ठेवला की बुटाचा तळ नरमतो,
धातूची टेप रुमालात धरावी लागते.
आणि गंमत म्हणजे पॅनललाही हे सोसत नाही.
पारा चढला की तेही आमच्यासारखंच
हळू काम करतं,
फक्त त्याचा पगार कुणी कापत नाही.

झुवैना बिंत खल्फान गुडघ्यावर हात देत
जिना चढून आली.
बाजारात शिकलेल्या हिंदीत म्हणाली,
जन्मभर या उन्हाला पाठ दाखवली आम्ही,
आता ते माझं मीटर उलटं फिरवणार?
म्हटलं, हिवाळ्यात फिरवेल.
उन्हाळ्यात तुमचा एसीच सगळं गिळेल.
ती हसली.

मग टाकीच्या दक्षिणेला बोट दाखवलं.
इथे नको.

पण इथेच तर दिवसभर सावली नाही, मावशी.

वीज नव्हती तेव्हा आम्ही इथे झोपायचो,
चादर विहिरीच्या पाण्यात भिजवून.
तेव्हा छत मातीचं होतं, हे सिमेंटचं,
पण जागा तीच. पावलांनी मोजलीय मी.
सकाळी वाटायचं, चादर अजून ओली कशी?
फार वर्षांनी कळलं,
हमूदचा बाप रात्रीतून दोनदा उठायचा,
खाली जाऊन पाणी आणायचा.

फॉर्मवर अडथळ्यांचा रकाना असतो.
टाकी. डिश. कठडा.
त्याखाली मी लिहिलं: खाट, सहा फूट बाय चार.
मोफिझुलनं मोकळ्या सिमेंटकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
आणि मुकाट्यानं टेपचं टोक पुन्हा धरलं.
अठरा बसत होती. पंधरा बसतील.

खाली आलो, हात धुवायला नळ सोडला
आणि चटका बसला.
गीझरचं घे, ती आतून ओरडली,
मेपासून बंद आहे,
त्यातलंच काय ते गार.