लक्ष्मीपुरीतलं शीड

इस्माईलचाचा सोलकर मूळचे जैतापूरचे.
लक्ष्मीपुरीत ताडपत्र्यांचं दुकान, दहा बाय बारा.
मी नववी नापास, सुतळीला मेण लावायला राहिलेला.
दाभण ढकलायला त्यांच्या तळहाताला चामड्याची पट्टी,
चपलांच्या गल्लीतल्या रामू सातपुतेनं शिवलेली,
काठाला कापशीसारखी वेणी घातलेली,
उगीच, हौस म्हणून.

गिऱ्हाईक नसलं की चाचा बोलत.
फत्तेमारीला दोन काठ्या.
मोठी पुढं ओणवलेली,
रस्ता विचारायला वाकल्यागत.
मागं धाकटी, कलमी.
मोठी पळवते, धाकटी वळवते.
मासळीपुरता एका काठीचा मचवा बास,
पण मंगळूरची कौलं आणायची, बसऱ्याचा खजूर,
तर दोन लागतात, लगा.
आणि तुमचा गूळ?
फोंड्यानं गाड्या उतरायच्या खारेपाटणला,
ढेपा गलबताच्या पोटात, वर पेंढा,
पेंढ्यावर खलाशी, खलाशांच्या अंगावर मुंग्या.
कोल्हापूरच्या मुंग्या वेरावळ बघून आल्या,
तू अजून रंकाळ्याच्या पुढं नाहीस.

दिवाळीनंतर वडणग्याचे सर्जेराव खाडे आले.
गुऱ्हाळाच्या मांडवाला चाळीस फूट, जाड, पांढरं.
त्या दिवशी चाचांनी फूटपट्टी घेतलीच नाही.
हातानं मापलं, वाव, वाव, अर्धा वाव,
कात्री चालली ती थांबेना.
उलगडलं तेव्हा खाडे गप्प.
चौकोन म्हणावा तर एक कोपरा पळून गेलेला,
एक बाजू लांब, तिरकी,
काठात दोर भरलेला, जागोजाग गाठी.
ह्याला काय म्हणायचं, सोलकर?
चाचा चष्मा पुसत बसले.
वय झालं, म्हणाले. निम्मे द्या.

निम्म्या किमतीत खाडेंनी नेलं,
दोन मेसकाठ्यांना ताणून बांधलं.
आता रोज फोन.
तुमचं कापड रात्रीचं खुंट्या उपटतंय,
काल काहिलीवरनं चुलाणापर्यंत गेलं,
गुळव्या घाबरलाय, म्हणतो मांडव चाललाय.

मी सायकलीवर जातो, पंचगंगेचा पूल ओलांडून,
घण घेऊन. खुंट्या ठोकतो.
ऊन ऊन काकवी देतात, ती पितो.
परत आलो की चाचा दाभण थांबवतात.
खुंट्या किती, दोर तुटला का,
खाडे काय बोलला, हे विचारत नाहीत.
मतलईनं उपटतं का खाऱ्यानं?
मला कुठलं कळतंय.
उजाडायच्या आधी, म्हणतो,
जोतिबाच्या डोंगराकडं ओढ घेतं.

म्हणजे मतलई, म्हणतात.
आणि पुढच्या ताडपत्रीला,
उसाच्या ट्रॉलीची, साधी, निळी,
परत हातानं मापायला लागतात.
मी फूटपट्टी शोधतो.
ती मीच कुठंतरी ठेवलेली असते.