चार नंबरची होडी

जानेवारीत होड्या पालथ्या असतात.
स्नेकच्या कालव्याकाठी, पत्र्याच्या शेडमध्ये,
लाकडी घोड्यांवर, पाच पोटं छताकडे करून.
आणि आम्ही, ज्यांना वाटलं होतं
की जलस्काउट म्हणजे शिडं, वारा, शिट्ट्या,
आम्ही हातोड्या घेऊन गंज पाडतो.

टक. टक टक. टक.
पापुद्रे सुटतात,
नाकात जातात, मोज्यांत जातात,
रात्री वाटाण्याच्या सुपालाही लोखंडाची चव.
निळ्या रंगाखाली हिरवा, हिरव्याखाली करडा,
करड्याखाली कुणाच्या तरी वडिलांच्या वेळचा शेंदरी.
लोखंड दिसेपर्यंत थांबू नका, व्हीट्स्के म्हणते.
दिसतं तेव्हा ते अगदी साधं असतं,
पुसलेल्या पाटीसारखं.

हिद्दे आमच्यात सगळ्यांत लहान.
चार नंबरच्या होडीवर, मागे, सुकाणूपाशी
जीभ बाहेर काढून ठोकत होता,
आणि आवाज बदलला.
टक नाही.
भस्स.

सगळ्या हातोड्या थांबल्या.
भोक. शर्टाच्या बटणाएवढं.
त्याने त्यावर तळहात दाबून धरला,
कोरड्याठाक शेडमध्ये,
जणू झाकलं की ते झालंच नाही.
"मी नाही," तो म्हणाला.
मग थोड्या वेळाने, "मीच."

व्हीट्स्केने त्याचा हात बाजूला केला,
दाराबाहेर कोण आलंय बघावं तसा डोळा लावला,
खिशातून खडू काढून भोवती गोल काढला.
"हे जूनमध्ये पाण्याला सापडलं असतं,
तळ्याच्या मधोमध.
तुला आधी सापडलं. चला, कामाला लागा."

मग काय झालं ते सांगायला नको.
जो तो भोकं शोधायला लागला.
योरिटने तर धडधाकट पत्र्यावरही असं हाणलं
की शेवटी हातोड्या काढून घ्याव्या लागल्या.
नवं एकही सापडलं नाही.

फेब्रुवारीत म्हातारा ऊबेले आला वेल्डिंगला.
ठिगळ लावलं. पैसे घेतले नाहीत,
कॉफी मात्र चार कप.

मेमध्ये होड्या सुलट्या झाल्या.
एका वल्ह्याने होडी हाकायची म्हणजे
मागे उभं राहून पाण्यात इंग्रजी आठ काढायचा,
आडवा, कुशीवर झोपलेला, पुन्हा पुन्हा.
हिद्देच्या आठाचा व्हायचा शून्य.
चार नंबर कालव्यात गोल गोल फिरायची,
बदकं आधी पळाली, मग सरावली.
आम्ही काठावरून ओरडायचो, मनगट! मनगट वळव!
तो खालीच बघायचा.

सप्टेंबरात होडी वर काढली तेव्हा कळलं.
आतून, ठिगळाच्या बरोब्बर वर,
उजव्या टाचेएवढा रंग झिजला होता.
सबंध उन्हाळा त्याने पाय तिथून हलवला नव्हता.
बाकी होडी नव्यासारखी,
तेवढ्याच जागी गंज धरलेला.

कुणी हसलं नाही. म्हणजे, योरिट हसला.
हिद्देने गुडघे टेकले,
नखाने एक पापुद्रा काढून पाहिला,
आणि हातोडी मागितली.