चौकटीत

वकिलाने विचारलं म्हणे,
आग लागली तर काय उचलून पळाल?
तेच आधी इकडे आणा.
पलंग, सोफे कुणीही घेतं,
तपासनीस त्यांवर विश्वास ठेवत नाही.
जीव कॅलिफोर्नियात गुंतलेला सापडला
तर विक्रीतले तेरा टक्के तिकडेच राहतात.

म्हणून मला फोन.
मी बेन्यात गोयेनेचे, सुतार, कार्सन सिटी.
आजोबा या डोंगरांत मेंढ्या राखायला आले,
त्यांना कुणी विचारलं नाही, तुमचं घर नक्की कुठलं.

लॉवेल ट्रस्क. दातांच्या दवाखान्यांची बिलं जुळवणारी कंपनी,
सतरा वर्षं खपून उभी केलेली.
एप्रिलात विकायची.
त्याआधी टाहो सरोवराच्या या काठावर घर,
पाइनच्या झाडांत, चौदा खिडक्या पाण्याकडे.
पलीकडचा काठ दिसतो, तो कॅलिफोर्निया.
पाण्यात रेघ नेमकी कुठे,
हे गळ टाकून बसणारेही सांगत नाहीत.

गाडी घेऊन सॅन होजेला गेलो.
वडिलांचं क्लॅरोनेट आधीच हललं होतं, अल्बम हलले होते,
म्हाताऱ्या कुत्र्याच्या लसीचं कार्डसुद्धा
नव्या पत्त्यावर.
उरली होती स्वयंपाकघराच्या दाराची चौकट.
डाव्या बाहीवर पेन्सिलच्या रेघा:
ऑड्रा, तीन वर्षं. ऑड्रा, साडेचार.
ऑड्रा, सात, बूट घालून, धरू नये.
मग बरीच मोकळी जागा
आणि एकदम सतरा.

मिरियमबाई ओट्याशी उभ्या होत्या.
त्यांचे कागद दुसरे वकील बघत होते.
'दार तरी ठेवाल ना?' एवढंच म्हणाल्या.
करवत लावली. आतून फिकट लाकूड निघालं,
इतकी वर्षं उजेड न पाहिलेलं.

इकडे ती बसवायला जागाच नव्हती.
दारं कमी, सगळीकडे काच.
शेवटी दिवाणखान्यात भिंतीला टेकवली, सहा स्क्रू.
भिंतीच्या तळाशी दोन बोटं उंच पट्टी होती,
तिच्यावरच उभी केली.
ट्रस्कनी फोटो काढून वकिलाला धाडला.
उत्तर आलं, उत्तम. सगळं कायद्याच्या चौकटीत.
ते हसले. मीही हसलो,
पैसे यायचे होते.

जूनमध्ये बिजागरी कुरकुरते म्हणून बोलावलं,
तेव्हा ऑड्रा नुकतीच आली होती, बॅग खांद्यावरच.
सवयीने चौकटीला पाठ लावली,
डोक्यावर तळहात आडवा धरला,
वळून पाहिलं.
सतराच्या रेघेला हात पुरत नव्हता.
'मी लहान झाले,' म्हणाली.
ट्रस्क फोनवर होते,
त्यांनी बोट वर केलं, एक मिनिट.

पट्टीचं सांगणार होतो.
पण मग स्क्रू काढा, चौकट खाली घ्या,
आणि फायलीतल्या फोटोत ती आहे तिथेच आहे.

तिने माझ्या कानामागची पेन्सिल मागितली.
दिली.
हातात धरून उभी राहिली बराच वेळ,
मग परत केली.