समासात लिहू नये

अशी पाटी होती रामबागेत, आमच्या वाचनालयात,
दादांच्या अक्षरात, लाल शाईची.
तिच्याच खाली बसून सगळे लिहायचे.

'नर्मदेचा जासूद', दरमहा एक अंक,
भाडं रोजचे पंधरा पैसे,
शेवेचे डाग पडले तर चार आणे दंड.
रविवारी दुपारी खोडायचं काम माझं.
खोडायचं म्हणजे आधी वाचायचं.

"पान सातवर घोड्याचा उजवा पाय पांढरा,
पान नऊवर डावा. चित्रकारास कळवावे."
हा लघाट्यांचा अविनाश.
जासूद तरला की बुडाला,
त्याचं त्याला काही नसे. घोडा पोचला ना?

उल्का पागनीस हिरव्या पेन्सिलीने:
"सर्जेराव बावळट आहे. केशरने त्याला होकार देऊ नये."
पाच अंक हेच, नव्या नव्या शब्दांत.
अठराव्यात लग्न लागलं, महेश्वरच्या घाटावर,
दोन पानी रंगीत चित्र.
खाली तिने एवढंच लिहिलं: "बरं."
इतकं दाबून, की पान उलटल्यावर
ते सर्जेरावाच्या पाठीत उठलेलं.

मल्हारगंजचा नवलकिशोर 'ळ'ला अडखळायचा,
बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचा,
आणि टोपीवाला कप्तान चिखलात पडला की
"मजा आ गया भिया",
अर्धं पान भरून.

मला कोण आवडतं, कुणी विचारलं नाही.
चौकटीच्या कडेला एक मशालजी असायचा,
बिननावाचा, प्रत्येक अंकात, पाठमोरा.
एकदा मी त्याला नाव दिलं, बारीक अक्षरात.
रविवारी मीच खोडलं.
काय होतं, आता आठवत नाही.

भांडण खरं मुन्शीवरून.
सव्विसावा अंक. मुन्शी खलिता देतो शत्रूच्या हाती,
आणि समास काळाकुट्ट.
"फितूर." "नाही." "आहेच."
"पान बारा परत वाच." "तूच वाच."
"तोफेच्या तोंडी द्या भर चौकात."
आणि सगळ्यात खाली, शाईने:
"त्याला तीन मुली आहेत."

हे गोष्टीत कुठेच नव्हतं.
मी आधीचे पंचवीस अंक काढून पाहिले.
मुन्शीचं घर कधी दाखवलंच नव्हतं.

शाई रबराने जाईना. ब्लेडने खरवडली,
तर कागद फाटला, खलिता धरलेला हात गेला.
दादांनी मागून डिंकाने पट्टी लावली,
काही बोलले नाहीत.
त्या वर्षी मिलच्या संपात
ते मागच्या फाटकाने कामावर जात.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
लघाट्यांकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, तेव्हा कळलं.
आम्ही तिघी बहिणी.
आणि शाई लाल होती, ते सांगायचं राहिलं.

त्रेचाळिसाव्यानंतर अंक आलाच नाही.
मुन्शी एकटा नावेत बसलेला, खाली 'पुढील अंकी'.
दोन वर्षं लोक येऊन विचारायचे,
मुन्शीचं काय झालं?
ज्यांनी तोफेच्या तोंडी दिला होता, तेही.
दादा म्हणत, पत्र टाकलंय प्रकाशकाला.
टाकलं होतं की नाही, देव जाणे.

परवा खजुरी बाजारात, एका गठ्ठ्यात
आमचा शिक्का दिसला. अंक अठरावा.
चाळीस रुपये म्हणाला.
"देख लो, बहनजी, एकदम साफ कॉपी,
किसी ने एक अक्षर नहीं लिखा."
मी पान उन्हात तिरपं धरलं,
सर्जेरावाची पाठ पाहिली.
पन्नासची नोट दिली,
सुटे घ्यायला थांबले नाही.