रतनपुरुष

गुळवंचीच्या माळाला भाचीनं गाडी थांबवली.
"मामय्या, उतरा. ऊन चढलं की मिटतं ते."

मी काय बघणार?
छत्तीस वर्षं चादरीच्या नक्षीचे चौकोन भरले,
लाल पेन्सिल, काळी पेन्सिल.
एक मोर काढला की समोर दुसरा मोर.
आपण पाव भाग काढायचा,
उरलेलं उलटून-पालटून माग करून घेतो.

लावण्यानं मुरमात गुडघे टेकले.
कुसळीच्या बुडाशी वीतभर काडी,
अरुंद पानं,
आणि एक पाकळी.
एकच.
बाकी चार आहेत म्हणे. भिंगातून दिसल्या,
तांदळाच्या कणीएवढ्या, अंग चोरून बसलेल्या.
ही मात्र खाली लोंबलेली,
धाकट्यानं वेडावून दाखवलेल्या जिभेसारखी,
गुलाबी, जांभळ्याकडं झुकलेली,
गळ्याशी पिवळट, शिरा गडद.

"रतनपुरुष. थंड देशातल्या व्हायोलेटांच्या कुळातला."

मला हसू आलं.
नाव पुरुषाचं, उंची चपलेच्या अंगठ्याला भिडेल न भिडेल,
आणि रंग असा, की आमच्या इरण्णानं
रंगखान्यात तीन बादल्या नासवल्या असत्या
आणि चौथीला म्हणाला असता, हे सुताचं काम न्हाई.

मेंढरं पुढून चरत गेली. त्याला चुकवून नव्हे,
खाल्लं तर खाल्लं. बूड लाकडासारखं,
पुन्हा फुटतं.

रात्री आलेखाचा कागद काढला.
मधून उभी रेघ मारली. डावं-उजवं जुळलं.
आडवी मारली आणि अडलो.
चादरीला उसं-पायथं नसतं,
अंधारात हाताला येईल तिकडून पांघरायची.
ह्याला मात्र वर आहे आणि खाली आहे.
उलटं केलं की ती जीभ आभाळाकडं,
आणि मग ते फूल राहत नाही,
फावडं होतं.

चारदा खोडलं. कागद खरबरीत झाला.
लावण्यानं अभ्यासाला आणलेलं एक बोंड
तसंच कागदाच्या कडेला ठेवून झोपलो.

पंख्याच्या वाऱ्यानं वाळलं असणार.
दोनच्या सुमाराला टक् झालं.
दिवा लावला: बोंडाच्या तीन होड्या झालेल्या,
आणि पांढरट बिया चौकोनांवर उधळलेल्या,
कुठलीच कुठलीच्या समोर नाही.
मोजल्या. नऊ.

पेन्सिल उचलली आणि जिथं जी पडली
तिथं ठिपका दिला, बी न हलवता.

सकाळी सहाच उरल्या.
सातवी टेबलाच्या पायावरून उतरत होती,
टोकाशी चिकटलेल्या खाऊसकट,
दोन मुंग्यांच्या खांद्यावर,
जुन्या मागाखाली फरशीला गेलेल्या तड्याकडं.

लावण्या चहा घेऊन आली. "किती आहेत?"
म्हटलं, "कागदावर नऊ."
आणि पाय जरा बाजूला घेतला.